घरगुती वायरिंगचे विद्युतरोधक आवरण (नागपूर)

घरातील वायरचे दोन भाग असतात: प्रवाह वाहून नेणारी धातूची तार आणि तिच्यावरचे विद्युतरोधक आवरण. तांब्याची तार सहसा दगा देत नाही. आवरण मात्र जुने होते, आणि नागपुरात ते लवकर होते. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

घरातल्या वायरला बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचे आवरण असते (भारतीय मानक आयएस ६९४). तारेचे तापमान सतत ७० अंश राहिले तरी साधे पीव्हीसी टिकते. हवा ४० अंशांवर असेल, तर तारेला तापायला ३० अंशांची मुभा मिळते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली हवा ५० अंशांवर गेली, की ही मुभा २० अंशांवर येते आणि वायरची प्रवाहक्षमता सुमारे १८ टक्क्यांनी घटते. म्हणून अशा जागी एक माप जाड वायर घेणे, म्हणजे १.५ ऐवजी २.५ चौरस मिलिमीटरची, शहाणपणाचे. एक्सएलपीई (उष्णता अधिक सोसणारे एक प्रकारचे पॉलिथिलीन) आवरण ९० अंश सोसते; तिथे ही घट १० टक्क्यांच्या आसपास राहते.

पीव्हीसी मुळात ताठ असते. मऊपणासाठी त्यात मिसळलेले द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जाते, आवरण कडक होते आणि वाकवताच तडकते. जुन्या घरांतल्या अॅल्युमिनियम तारांचा त्रास वेगळा: स्क्रूखाली धातू दबून सांधा सैल होतो आणि तापतो.

नागपूरकरांनी सर्वाधिक जपावी ती कुलरची वायर. खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या कुलरला प्रवाह फार लागत नाही, पण त्याच्या वायरवर दिवसभर ऊन आणि पाण्याचे शिंतोडे पडतात. उन्हाळा संपल्यावर माळ्यावर गुंडाळून ठेवलेली तीच वायर मार्चमध्ये उलगडून पुन्हा लावली जाते. तडकलेल्या आवरणातून फेज (वीज असलेली तार) पत्र्याला टेकला आणि अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी तार) नसले, की सगळ्या कुलरमध्ये वीज उतरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यात पाणी भरणे तेव्हा जिवावर बेतते. अर्थिंगची पिन नसलेला दोन पिनांचा प्लग इथे घातकच. माणसाच्या शरीरातून जाणारा पन्नास-शंभर मिलिअँपिअरचा प्रवाह १० अँपिअरच्या एमसीबीला (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की वीज तोडणाऱ्या स्विचला) जाणवतही नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) मात्र तेवढ्या गळतीवर क्षणार्धात वीज तोडते.