‘स्टँडर्ड’ की ‘एक्स्टेंडेड’ : फोटोशॉपच्या दुहेरी विक्रीची पार्श्वभूमी

फोटोशॉप घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न आज मासिक वर्गणीच्या योजनांपाशी येऊन थांबतो. २००७ ते २०१३ या काळात मात्र त्याचे उत्तर खरेदीच्या वेळीच द्यावे लागे, कारण एकाच क्रमांकाच्या फोटोशॉपचे दोन प्रकार, नुसते फोटोशॉप आणि जास्तीची साधने असलेले ‘एक्स्टेंडेड’, विक्रीला असत आणि त्यांच्या किमतींत सुरुवातीला ३५० डॉलरचे अंतर होते. ‘साधे’ आणि ‘व्यावसायिक’ या शब्दांभोवतीचा आजचा बराचसा गोंधळ त्या सहा वर्षांत तयार झाला आहे.

त्याआधीची विभागणी वेगळ्या स्वरूपाची होती. १९९० साली फोटोशॉप फक्त मॅकिंटॉशसाठी आले, १९९२ च्या अखेरीस विंडोजवर पोहोचले आणि १९९४ मध्ये त्यात लेयर, म्हणजे चित्राचे भाग वेगवेगळे ठेवणारे थर, आले. नव्वदच्या दशकात स्कॅनरबरोबर जी सीडी मिळे, तिच्यात अनेकदा ‘एलई’ नावाचे छाटलेले फोटोशॉप असे. त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंनुसार रंग मांडण्याची सोय, नव्हती. घरच्या फोटोंसाठी ही उणीव कोणाच्या लक्षातही येत नसे. पण चार रंगी छपाईसाठी पॉझिटिव्ह (छपाईची फिल्म) काढणाऱ्या डीटीपीवाल्याला, म्हणजे संगणकावर पाने जुळवणाऱ्याला, ते सॉफ्टवेअर निरुपयोगी होते. २००१ मध्ये ‘एलई’ची जागा ९९ डॉलरच्या ‘एलिमेंट्स’ने घेतली आणि त्यातही सीएमवायके दिले नाही. ही रेषा कठोर असली तरी प्रामाणिक होती. छापखान्याकडे जाणारे काम रेषेच्या एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला, हे गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत समजावता येत असे.

एप्रिल २००७ मध्ये सीएस३ ही फोटोशॉपची नवी आवृत्ती बाजारात आली आणि ही सरळ मांडणी बिघडली. आता फोटोशॉप सीएस३ ६४९ डॉलरला होते, तर फोटोशॉप सीएस३ एक्स्टेंडेड ९९९ डॉलरला. येथे एक तपशील नेमका लक्षात ठेवावा लागतो, तो असा की स्वस्त प्रकाराच्या नावात ‘स्टँडर्ड’ हा शब्द कुठेच नव्हता. तो होता अनेक सॉफ्टवेअर एकत्र देणाऱ्या ‘डिझाइन स्टँडर्ड’ या संचाच्या नावात. त्या संचात नुसते फोटोशॉप येई आणि ‘डिझाइन प्रीमियम’ या महागड्या संचात एक्स्टेंडेड येई. संचाचे विशेषण लोकांनी बोलता बोलता सॉफ्टवेअरला चिकटवले, आणि कालपर्यंत जे व्यावसायिकांचे हत्यार म्हणून ओळखले जात होते तेच एका रात्रीत ‘साधे’ ठरले. मराठीत तर या घोळाला आणखी एक पदर आहे. सीएस३ नंतर सीएस४ आले तर तीही ‘आवृत्ती’ आणि सीएस३चे एक्स्टेंडेड तीही ‘आवृत्तीच’; त्यामुळे ‘वरची आवृत्ती घ्या’ असा सल्ला मिळाला की तो क्रमांकाविषयी आहे की प्रकाराविषयी, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. या लेखात म्हणूनच पहिल्यासाठी ‘आवृत्ती’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्रकार’ हे शब्द पाळले आहेत.

एक्स्टेंडेडमध्ये जास्तीचे होते ते त्रिमिती प्रतिकृती उघडून त्यांवर रंगकाम करणे, व्हिडिओचे लेयर, मोजमापांची नोंद ठेवणारी साधने, चित्रातल्या वस्तूंवर खुणा करून त्यांची मोजणी करणारे काउंट टूल आणि सीटी स्कॅनसारख्या तपासण्यांच्या डायकॉम फाइली वाचण्याची सोय. हा प्रकार वास्तुरचनाकार, संशोधक, वैद्यकीय क्षेत्रातील मंडळी आणि चलच्चित्रांवर काम करणारे यांच्यासाठी आहे, हे यादीवरूनच दिसते. लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओला किंवा जाहिरातीचे फलक आखणाऱ्याला लागणारे सगळे, म्हणजे सीएमवायके, चॅनेल (रंगांचे वेगवेगळे थर), पाथ (आखीव बाह्यरेषा), रॉ फाइलींवरील (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलींवरील) काम, हे दोन्ही प्रकारांत सारखेच होते. चित्राच्या गुणवत्तेत तसूभरही फरक पडत नव्हता. ‘व्यावसायिक’ हा शब्द ऐकून ३५० डॉलर जास्त मोजणाऱ्या छायाचित्रकाराला त्याच्या व्यवसायाचे असे फारसे काही मिळत नव्हते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

अपवाद एक होता आणि तो ठळकपणे सांगितला जात नसे. कॅमेरा तिवईवर ठेवून एकाच दृश्याचे अनेक फोटो काढायचे, ते एकावर एक रचायचे आणि प्रत्येक बिंदूचे मध्यक मूल्य घ्यायचे, म्हणजे दृश्यातून येणारी-जाणारी माणसे नाहीशी होतात आणि अंधारातल्या फोटोतले रंगीत दाणेही कमी होतात. ही स्टॅक मोडची सोय संशोधकांच्या यादीत टाकलेली असल्याने फक्त एक्स्टेंडेडमध्ये होती. किल्ल्यावर किंवा देवळासमोर गर्दीशिवाय फोटो हवा असणाऱ्या हौशी माणसाला ती जितकी उपयोगी, तितकी डायकॉम फाइल आयुष्यात कधीच उपयोगी पडणार नव्हती. विभागणी करणाऱ्यांनी कामाकडे न पाहता पेशाकडे पाहिले, असा आक्षेप घ्यायचा तर तो येथे घेता येतो.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे तर त्या वेळी निवड अशी नव्हतीच. युनिकोड देवनागरी टाकली की दोन्ही प्रकारांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. म्हणून श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फाँटांवरच काम चाले. ९९९ डॉलरच्या सॉफ्टवेअरला त्रिमिती चेंडू फिरवता येत होता, पण ‘किल्ला’ लिहिता येत नव्हता. दक्षिण आशियाई लिप्यांसाठी मजकुराचे वेगळे इंजिन निवडण्याची सोय पुढे आली आणि ती प्रकारावर अवलंबून ठेवलेली नव्हती. शिवाय आपल्याकडे चोरून उतरवलेल्या प्रतींचा सुळसुळाट होता, आणि ज्याला पैसे मोजायचेच नव्हते तो एक्स्टेंडेडच घेणार, हे उघड आहे.

सीएस४ पासून स्वस्त प्रकार ६९९ डॉलरचा झाला, एक्स्टेंडेड ९९९ वरच राहिले आणि अंतर ३०० डॉलरवर आले. २०१२ च्या सीएस६ मध्ये व्हिडिओ संपादन दोन्ही प्रकारांना मिळाले, तेव्हाच रेषा पुसट झाली होती. जून २०१३ मध्ये वर्गणीवर मिळणारे सीसी आले, दोन्ही प्रकार एक झाले आणि त्याच वेळी नवी आवृत्ती कायमची विकत घेण्याचा मार्ग बंद झाला. ऑनलाइन निषेधपत्रावर हजारोंनी सह्या केल्या त्या या दुसऱ्या निर्णयाविरुद्ध. त्या गदारोळात पहिल्या निर्णयाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोटोशॉप आणि फोटो लावून-सुधारून ठेवणारे लाइटरूम मिळून महिना ९.९९ डॉलरची योजना जाहीर झाली, तीही प्रथम सीएस३ किंवा त्यानंतरची आवृत्ती ज्यांच्याकडे होती त्यांच्यासाठीच. म्हणजे सगळी साधने असलेले फोटोशॉप छायाचित्रकाराला पूर्वीच्या स्वस्त प्रकारापेक्षा कमी रकमेत हाती येऊ लागले, फक्त ते त्याच्या मालकीचे राहिले नाही.

पुढे फरकाची जागा बदलत गेली. जानेवारी २०२५ पासून महिना ९.९९ डॉलरची, २० जीबी ऑनलाइन साठवणुकीची ती योजना नव्या ग्राहकांना मिळेनाशी झाली. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचा भाग भरून देणाऱ्या सुविधा आल्या आणि त्यांचा वापर क्रेडिटमध्ये, म्हणजे वापराच्या ठरावीक एककांत, मोजला जाऊ लागला. एलिमेंट्स अजून आहे, पण त्याच्या २०२५ च्या आवृत्तीचा परवानाही तीन वर्षांपुरताच दिला जातो. एक्स्टेंडेडच्या जाहिरातीत सर्वांत पुढे असलेली त्रिमिती साधने २०२१ पासून बंद करण्यास सुरुवात झाली; स्टॅक मोड आणि काउंट टूल मात्र फोटोशॉपमध्ये टिकून आहेत.