निषेध खलिता आणि मध्यम लहरी: बारी, निकोसिया, कैरो

इटलीच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या बारी शहरातला रेडिओ प्रक्षेपक 20 किलोवॅटचा होता. पुढच्या काळातल्या प्रक्षेपकांच्या मानाने किरकोळच. पण मे 1934 मध्ये त्यावरून अरबी कार्यक्रम सुरू झाले आणि वसाहतीच्या झगड्यात परक्या रेडिओबद्दल तक्रार कुणी, कुणाकडे आणि कोणत्या आधारावर करायची, हा प्रश्न लंडनच्या परराष्ट्र खात्यापुढे उभा राहिला.

बारी ते जेरुसलेम हे अंतर सुमारे 1,900 किलोमीटर. मध्यम लहरी दिवसा इतक्या दूर पोचत नाहीत, कारण वातावरणातला आयनांबराचा खालचा थर त्या शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून परत येतात आणि समुद्र ओलांडून थेट ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनच्या कॉफीखान्यांत उतरतात. ऐकायला साधा सेट पुरत होता आणि एका सेटभोवती अख्खी गल्ली बसे. संगीत, काव्य आणि त्यामध्ये बातम्या, असा मामला होता. ऑक्टोबर 1935 मध्ये इटलीने अॅबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला, राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांआधीच्या जागतिक संघटनेच्या) निर्बंधांत ब्रिटन पुढे राहिला आणि बारीचा सूर कडवट झाला. एप्रिल 1936 मध्ये पॅलेस्टाइनात अरबांचा संप आणि मग उठाव सुरू झाला, तेव्हा या प्रचाराला आयते कोलीत मिळाले.

रोममधले ब्रिटिश राजदूत सर एरिक ड्रमंड. हेच गृहस्थ पूर्वी राष्ट्रसंघाचे पहिले महासचिव होते, म्हणजे खलित्यांची, एका सरकारने दुसऱ्याला धाडायच्या अधिकृत पत्रांची, भाषा त्यांच्याइतकी जाणणारा माणूस शोधून सापडला नसता. पण अडचण भाषेची नव्हती. खलित्याला पुरावा लागतो: तारीख, वेळ, तरंगलांबी, नेमके शब्द. ध्वनिमुद्रण सर्रास होत नव्हते, त्यामुळे सगळी भिस्त ऐकणाऱ्याच्या टिपणावर. रात्री आवाज खालीवर होतो, मधले शब्द गळतात आणि अरबीतला टोमणा इंग्रजीत उतरवताना बोथट होतो. शिवाय निवेदकाने दुसऱ्याच वृत्तपत्रातला मजकूर वाचून दाखवला असेल, तर ‘हे आमचे मत नव्हे’ म्हणायला समोरचा मोकळा. जानेवारी 1937 मध्ये ब्रिटन आणि इटलीने भूमध्य समुद्राबाबत एकमेकांना सभ्य आश्वासने दिली. बारीचे अरबी कार्यक्रम त्यानंतरही चालूच राहिले.

कायद्याचा आधार तयार होत होता, पण लंगडा. 23 सप्टेंबर 1936 रोजी जिनिव्हात शांततेसाठी रेडिओच्या वापराबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. दुसऱ्या प्रदेशातल्या लोकांना अंतर्गत सुव्यवस्थेविरुद्ध चिथावणारे प्रसारण बंद करावे, युद्धाची चिथावणी देऊ नये, चुकीच्या विधानाची दुरुस्ती लवकरात लवकर करावी, वाद लवादाकडे न्यावा. कलमे नेटकी होती. पण जर्मनी आणि इटली त्यात नव्हते, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच कराराबाहेर. एप्रिल 1938 मध्ये करार अमलात आला तोवर इटलीने राष्ट्रसंघही सोडला होता.

मग ब्रिटनने दुहेरी चाल केली. जेरुसलेममध्ये स्टुडिओ आणि रामल्लाला प्रक्षेपक असलेले पॅलेस्टाइनचे केंद्र मार्च 1936 पासून चालू होतेच. 3 जानेवारी 1938 रोजी बीबीसीने अरबी सेवा सुरू केली. परक्या भाषेतली तिची ही पहिलीच सेवा. प्रक्षेपण डॅव्हेंट्रीहून लघु लहरींवर होई, आणि इथेच गोम होती: लघु लहरी ऐकायला तेव्हा महागडा सेट लागे, बारीला तो लागत नव्हता. दुसरी गोम मजकुराची. पहिल्याच बातमीपत्रात पॅलेस्टाइनात शस्त्र बाळगल्याबद्दल एका अरबाला फाशी दिल्याची बातमी होती. सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांनी ती ऐकली आणि ब्रिटिश प्रतिनिधीकडे खंत बोलून दाखवली. परराष्ट्र खाते हैराण झाले. बीबीसीचे म्हणणे, बातमी खरी आहे तर ती गाळायची का? तक्रार करणाऱ्याच्याच दारी तक्रार आली.

दुसरी चाल सौद्याची. 16 एप्रिल 1938 च्या इंग्रज-इटालियन करारात एकमेकांच्या हितसंबंधांना बाधक प्रचार न करण्याची स्वतंत्र घोषणा जोडली गेली. बदल्यात अॅबिसिनियावरचा इटलीचा ताबा मान्य करण्याची तयारी ब्रिटनने दाखवली. निषेधाने जे साधले नाही ते देवघेवीने बऱ्यापैकी साधले, मात्र किंमत तिसऱ्याच्या खिशातून दिली गेली. आणि एक भोक बुजवले तर दुसरे पडले: एप्रिल 1939 पासून जर्मनीच्या त्सेसेन केंद्राने अरबी प्रसारण सुरू केले.

ब्रिटिशांची वसाहत असलेल्या सायप्रसमध्ये हेच नाट्य मित्रराष्ट्रांत घडले. 1 एप्रिल 1955 च्या पहाटे ‘एओका’ने, म्हणजे सायप्रस ग्रीसला जोडण्यासाठी लढणाऱ्या ग्रीक सायप्रिऑटांच्या गुप्त संघटनेने, राजधानी निकोसियातले सरकारी रेडिओ केंद्रच उडवले. सायप्रसच्या ग्रीकांचा कान आधीपासून अथेन्सकडे होता. ब्रिटन आणि ग्रीस दोघे नाटोचे सदस्य, त्यामुळे तक्रार आणखी अवघड. मार्च 1956 मध्ये ब्रिटनने अथेन्सच्या प्रसारणावर जॅमिंग सुरू केले, म्हणजे त्याच तरंगलांबीवर गोंगाट सोडायचा. या उपायाचे दोष ठरलेले आहेत. गोंगाट प्रक्षेपकाजवळ भारी पडतो, डोंगराआडच्या गावात विरतो, शेजारच्या केंद्रांवर सांडतो आणि ‘यांना काहीतरी लपवायचे आहे’ हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. सोव्हिएत संघ 1949 पासून बीबीसीची रशियन सेवा दाबत होता आणि ब्रिटन त्याविरुद्ध ओरडत होता. तो नैतिक ठेवा सायप्रसपायी खर्ची पडला. त्याच महिन्यात सायप्रसच्या ग्रीकांचे नेते आर्चबिशप मकारियोस यांना सेशेल्सला हद्दपार केले आणि ग्रीसने लंडनमधला आपला राजदूत परत बोलावला.

(केंद्राचा पत्ताच नसेल तर खलिताही धाडता येत नाही. 1955 ते 1961 या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलातून चालवलेले गोवा मुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र त्या जातीचे.)

कैरोच्या ‘सौत अल-अरब’ (‘अरबांचा आवाज’) या रेडिओ सेवेची सुरुवात जुलै 1953 ची. 1 नोव्हेंबर 1954 रोजी फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात उठाव झाला आणि त्याची घोषणा कैरोच्या रेडिओवरून झाली. फ्रान्सचे निषेध कैरोला पोचत राहिले, पण अल्जीरियाला पाठिंबा हे इजिप्तचे जाहीर धोरण होते. ज्याने काही लपवलेलेच नाही त्याला निषेधाने खिंडीत कसे गाठणार? मार्च 1956 मध्ये फ्रेंच परराष्ट्रमंत्री पिनो स्वतः इजिप्तचे नेते नासर यांना भेटून आले, तरी प्रसारण चालूच.

सुएझ कालव्यावरून ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला, त्या वेळी खलिता बाजूला पडला. ऑक्टोबर 1956 अखेर ब्रिटनने सायप्रसमधले ‘शर्क अल-अदना’ हे आपलेच अरबी केंद्र सरकारी ताब्यात घेऊन ‘ब्रिटनचा आवाज’ केले, तर तिथल्या बहुतेक अरब कर्मचाऱ्यांनी काम सोडले. 2 नोव्हेंबरला ब्रिटिश विमानांनी कैरोजवळच्या अबू झाबलचे प्रक्षेपक बाँबने उडवले. कैरो गप्प झाल्यावर दमास्कसच्या निवेदकाने घोषणा केली: दमास्कसहून, हे कैरो आहे.