मुलांची पोटगी: घटस्फोटाच्या अर्जातील शब्द आणि त्यांचे अर्थ

घटस्फोटाच्या प्रकरणांत ‘पोटगी’ हा शब्द सरसकट वापरला जातो आणि पहिला घोळ तिथेच होतो. पत्नीची पोटगी आणि मुलांची पोटगी हे दोन वेगळे हक्क आहेत. अर्जाच्या शेवटी ‘अर्जदार व मुले यांना एकत्रित दरमहा २५,००० रुपये मिळावेत’ एवढीच मागणी असेल, तर पुढे आईने पुनर्विवाह केल्यावर किंवा थोरले मूल सज्ञान झाल्यावर धाकट्याच्या वाट्याचे नेमके किती, यावर नव्याने वाद उभा राहतो. म्हणून प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि रक्कम स्वतंत्रपणे लिहावी, असा वकिलांकडे आग्रह धरावा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात तर याची गरज अधिकच असते, कारण आईने स्वतःची पोटगी सोडली तरी त्यामुळे मुलाचा हक्क सुटत नाही.

दावा चालू असताना मिळते ती अंतरिम पोटगी. ‘ताबा’ म्हणजे मूल कोणाजवळ राहणार आणि ‘भेटीचा हक्क’ म्हणजे दुसऱ्या पालकाने त्याला केव्हा, कुठे भेटायचे. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. भेट मिळावी यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ खालील दावा सुरू असेल, तर त्याच न्यायालयात कलम २६ नुसार मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबाबत अर्ज करता येतो. दावा नसला तरी, आणि धर्म कोणताही असला तरी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ‘कलम १२५’ म्हणून ओळखली जात असे आणि बोलताना अजूनही तेच नाव ऐकू येते. पत्नी सध्या राहते त्या जिल्ह्यातही हा अर्ज चालतो. सज्ञान पण अविवाहित आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० चा आधार आहे.

अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. हे दिवस बजावणीनंतर मोजले जातात, त्यामुळे जाबदाराच्या (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्या) घरचा आणि नोकरीच्या ठिकाणचा असे दोन्ही पत्ते बिनचूक द्यावेत.

अर्जासोबत विवाहाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, ओळखपत्रे आणि खर्चाचे कागद जोडावेत. शाळेच्या फीची पावतीच नव्हे, तर व्हॅनचे पैसे, शिकवणी, चष्मा, औषधे यांच्या पावत्याही जपून ठेवाव्यात, कारण रक्कम ठरताना याच तपशिलाला वजन येते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही स्पष्ट केले. आईने आपले उत्पन्न लपवू नये. तिच्या कमावण्यामुळे वडिलांची जबाबदारी संपत नाही.

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

आदेशानंतर पैसे थकले, तर कलम १४४ खालील वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्यासाठी दर महिन्याला पासबुक भरून घ्यावे आणि न आलेल्या हप्त्यांची तारीखवार नोंद ठेवावी.