फाउंडेशनच्या नावाखालचे नवे प्रकल्प : बाहेरच्यांची समजूत

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या फाउंडेशनने एखादा प्रकल्प पदरात घेतला, की त्याला फाउंडेशनचे नाव लावता येते आणि नावाबरोबर आलेली पतही वापरता येते. प्रकल्प नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे आतल्या मंडळींना ठाऊक असते. बाहेरचे वापरकर्ते, कंपन्यांमधले निर्णय घेणारे अधिकारी आणि पत्रकार मात्र बहुतेक वेळा नाव पाहूनच मत बनवतात. काहींना नाव म्हणजे दर्जाची हमी वाटते. काही जण नावापुढची ‘इन्क्युबेटिंग’ (म्हणजे ‘अजून उबवणीत’) ही पाटी वाचतात आणि सॉफ्टवेअर कच्चे आहे असे धरून चालतात. दोन्ही समजुती चुकतात आणि दोन्हींचे कारण एकच आहे : ही पाटी कोडबद्दल फारसे काही सांगतच नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचे. वेब सर्व्हरच्या कामातून उभी राहिलेली ही संस्था १९९९ मध्ये अमेरिकेत नोंदवली गेली. नवे प्रकल्प घेण्यासाठी तिने २००२ मध्ये इन्क्युबेटर, म्हणजे नवख्या प्रकल्पांचा उबवणी-विभाग, सुरू केला. तिथे दाखल झालेल्या प्रकल्पाला ‘पॉडलिंग’ म्हणतात. त्याला मार्गदर्शक नेमून दिले जातात आणि पुढे फाउंडेशनच्या संचालक मंडळाच्या ठरावाने तो पूर्ण प्रकल्प होतो, म्हणजे त्याला ‘पदवी’ मिळते, नाहीतर निवृत्त केला जातो. मधल्या काळात तपासल्या जातात त्या गोष्टी अशा : कोडचे हक्क आणि परवाने स्वच्छ आहेत का, नावाचा ट्रेडमार्क फाउंडेशनकडे आला का, निर्णय सर्वांसमोर होतात का, सगळी सूत्रे एकाच कंपनीच्या हातात तर नाहीत ना. प्रोग्रॅम वेगवान आहे का, त्यात चुका किती, याची परीक्षा इथे होत नाही.

बाहेरच्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून अपाचेने नियम बरेच कडक ठेवले आहेत. पॉडलिंगच्या प्रत्येक आवृत्तीच्या फाइलच्या नावातच ‘इन्क्युबेटिंग’ हा शब्द यावा लागतो. स्पार्क हा मोठ्या डेटावर प्रक्रिया करणारा प्रकल्प २०१३ च्या जूनमध्ये इन्क्युबेटरमध्ये आला. त्या काळातली त्याची आवृत्ती ‘स्पार्क-०.८.०-इन्क्युबेटिंग’ अशा नावाने उतरवून घ्यावी लागे. फाइल उघडली की आत ‘डिस्क्लेमर’ नावाची आणखी एक छोटी फाइल असते. तिचा आशय असा, की प्रकल्पाचा कारभार अजून स्थिरावलेला नाही. इन्क्युबेशन म्हणजे कोड अपुरा किंवा अस्थिर आहे असे नव्हे, पण फाउंडेशनने प्रकल्पाला अजून पूर्ण पाठिंबा दिलेला नाही. आवृत्ती बाहेर पडण्याआधी इन्क्युबेटरच्या समितीतल्या किमान तिघांची होकारार्थी मते लागतात. मत देणारे परवान्याच्या फाइली, डिजिटल सह्या आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा आकडा) बारकाईने पाहतात. एवढी काळजी घेऊनही डिस्क्लेमर वाचणारा बाहेरचा माणूस विरळाच. बहुतेकांची नजर फाइलच्या नावापाशीच थांबते.

कोड पिकलेला आणि पाटी नव्याची, अशी विसंगती जुन्या प्रकल्पांच्या बाबतीत फार उठून दिसते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सबव्हर्जनची १.० आवृत्ती २००४ ची. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ते इन्क्युबेटरमध्ये दाखल झाले तेव्हा जगभर वापरात होते. अपाचेचे स्वतःचे कोडही त्यातच ठेवले जात होते. तरी पुढचे काही महिने, म्हणजे २०१० च्या फेब्रुवारीपर्यंत, त्याचा दर्जा पॉडलिंगचाच होता. नेटबीन्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाची सुरुवात १९९६ मध्ये प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. ओरॅकल कंपनीने ते २०१६ मध्ये अपाचेकडे दिले आणि २०१८ मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीवर इन्क्युबेशनची पाटी होती. दोन दशके वापरलेले साधन अचानक ‘प्रायोगिक’ कसे झाले, असा प्रश्न अनुभवी प्रोग्रॅमरलाही पडावा.

ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरची गत आणखी वेगळी होती. ओरॅकलने ते २०११ मध्ये दिले आणि २०१२ च्या मे महिन्यात अपाचेची पहिली आवृत्ती, ३.४, आली. तिच्या इन्स्टॉलरच्या नावातही ‘इन्क्युबेटिंग’ होते. आता ती फाइल उतरवून घेणारे लोक सर्व्हर सांभाळणारे नव्हते. पत्रे टाइप करणारे, हिशेबाचे तक्ते मांडणारे होते. त्यांना पॉडलिंग म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. प्रोग्रॅमरांसाठी बेतलेली सूचना सर्वसामान्यांपर्यंत गेली की ती नुसती बुचकळ्यात टाकते.

उलट दिशेची चूक अधिक महागात पडते. ‘अपाचेने अमुक बनवले’ अशा बातम्या छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटते, की फाउंडेशनच्या पगारी अभियंत्यांनी हे काम ठरवून केले असेल. वास्तविक अपाचे प्रकल्पांचे कोड लिहिण्यासाठी कोणाला पैसे देत नाही आणि तांत्रिक दिशाही ठरवत नाही. प्रकल्प कोणता घ्यावा यात बाजारातली गरज भरून काढण्याचा हेतू नसतो. म्हणूनच २०१३ ते २०१५ या काळात स्टॉर्म, सॅम्झा आणि फ्लिंक हे वाहत्या डेटावर प्रक्रिया करणारे तीन प्रकल्प एकाच इन्क्युबेटरमधून पुढे गेले आणि स्पार्कही त्याच कामाला जुंपला जात होता. यातला अपाचे कोणता सुचवते, हा प्रश्न बाहेरून हमखास येतो. उत्तर ‘कोणताच नाही’ असे असते आणि विचारणाऱ्याला ते टाळाटाळीचे वाटते. एकाच छपराखाली प्रतिस्पर्धी नांदू शकतात, ही गोष्ट व्यापारी ब्रँडची सवय असलेल्याला सहजी पटत नाही.

संशयाचाही एक धागा आहे. मोठी कंपनी एखादे सॉफ्टवेअर फाउंडेशनला देते तेव्हा ‘नको झालेले ओझे उतरवले’ अशी कुजबुज होतेच. ती नेहमीच निराधार नसते. गूगलने २०१० मध्ये वेव्ह या ऑनलाइन संवादाच्या साधनाचा विकास थांबवला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते अपाचे इन्क्युबेटरमध्ये गेले आणि पदवी न मिळवता २०१८ मध्ये निवृत्त झाले. पण याच वाटेने कॅसँड्रा हे डेटाबेसचे सॉफ्टवेअरही आले होते. फेसबुकने कोड खुले केल्यावर ते २००९ मध्ये इन्क्युबेटरमध्ये आले आणि वर्षभरात पूर्ण प्रकल्प झाले. देणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा घेतल्यावर माणसे जमली की नाही, यावरच पुढचे ठरते. बाहेरून मात्र देणारा तेवढा दिसतो.

इतर संस्थांनी वेगवेगळे उपाय केले. एक्लिप्स या दुसऱ्या फाउंडेशनने इन्क्युबेशनमधल्या प्रकल्पांसाठी अंड्याचे चिन्ह ठरवले. एका नजरेत कळणारी इतकी सरळ खूण दुसऱ्या कोणाला क्वचितच सुचली असेल. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने सँडबॉक्स (अगदी सुरुवातीची), इन्क्युबेटिंग आणि ग्रॅज्युएटेड (पदवीप्राप्त) अशा तीन पायऱ्या ठेवल्या. अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून सांभाळणारे कुबरनेटिस २०१८ मध्ये सर्वांत आधी तिसऱ्या पायरीवर पोहोचले. इथे घोटाळा असा, की अपाचेत ‘इन्क्युबेटिंग’ ही सुरुवात आहे, तर इथे ती मधली पायरी असून तिच्यासाठी प्रत्यक्ष कामात वापर झाल्याचा पुरावा लागतो. एका संस्थेची पाटी दुसरीच्या अर्थाने वाचली, की चांगल्या प्रकल्पाला कमी लेखले जाते. शिवाय भाषणांत आणि जाहिरातींत पायरीचा उल्लेख गळतो आणि सँडबॉक्समधला नवखा प्रकल्पही नुसता ‘फाउंडेशनचा प्रकल्प’ म्हणून मिरवतो. क्लाउड उभारण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ओपनस्टॅकने २०१५ च्या सुमारास दार बरेच रुंद केले, तेव्हा अनेक लहान प्रकल्प अधिकृत ठरले आणि ओपनस्टॅक म्हणजे नेमके काय, हेच बाहेरच्यांना सांगणे अवघड होऊन बसले. दोनेक वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला.

पत वाटून दिली की बदनामीही वाटली जाते. २०१७ मध्ये स्ट्रट्स (वेबसाइट बनवण्याचे साधन) मधली आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे (प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारे साधन) मधली सुरक्षेची त्रुटी गाजली तेव्हा अनेक बातम्यांत दोष ‘अपाचे’ या नावावर आला. हे दोन्ही प्रकल्प जुने आणि पूर्ण दर्जाचे होते. तरी त्याच नावाखाली तेव्हा इन्क्युबेटरमध्ये असलेल्या, त्या कोडशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रकल्पांनाही ग्राहकांच्या शंकांना तोंड द्यावे लागणे ओघानेच येते.

या साऱ्या व्यवस्थेत नवेपणा दाखवणारी पाटी आहे. थकलेपण दाखवणारी जवळपास नाही. पदवी मिळाली की ‘इन्क्युबेटिंग’ शब्द गळतो आणि पुढे माणसे पांगली तरी नाव तसेच झळकत राहते. अपाचेत बंद पडलेल्या पूर्ण प्रकल्पांसाठी २००८ पासून ‘अ‍ॅटिक’ म्हणजे माळा आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत वर्षे जाऊ शकतात. ओपनऑफिसला २०१२ मध्ये पदवी मिळाली. २०१६ मध्ये विकासकांच्या टंचाईमुळे प्रकल्प बंद करावा लागला तर काय काय करावे लागेल, याची उघड चर्चा प्रकल्पातल्याच लोकांनी केली. त्या काळात ते उतरवून घेणाऱ्याला नावात, चिन्हात किंवा फाइलमध्ये यातले काहीही दिसत नव्हते.