किम जू-ह्युंग (टॉम किम)

किम जू-ह्युंग : (२१ जून २००२ – ). दक्षिण कोरियाचा व्यावसायिक गोल्फपटू. जन्म सोल येथे. ‘किम’ हे आडनाव असून कोरियन रीतीने ते आधी येते. जुन्या निकालपत्रकांत मात्र तो ‘जूह्युंग किम’ असा सापडतो, तर अमेरिकेतील स्पर्धांत ‘टॉम किम’ हेच नाव रूढ आहे. ‘टॉम’ हे नाव लहानपणी आवडणाऱ्या ‘थॉमस द टँक इंजिन’ या मालिकेवरून त्याने घेतले.

वडील गोल्फ-प्रशिक्षक असल्याने कुटुंबाचा मुक्काम हलत राहिला. चीन, ऑस्ट्रेलिया, फिलिपीन्स व थायलंड येथे त्याचे बालपण गेले. २०१८ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो व्यावसायिक झाला. कोरियातील शालेय व हौशी स्पर्धांची ठरावीक वाट त्याने धरली नाही. सुरुवात फिलिपीन्समधील स्थानिक टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) झाली. त्यानंतर आशियाई टूरची दुय्यम मालिका असलेल्या ‘एशियन डेव्हलपमेंट टूर’वर २०१९ मध्ये त्याने तीन स्पर्धा जिंकल्या. त्यांतील शेवटची लाहोर येथे झाली. एका मोसमात तीन विजय मिळविणाऱ्याला वरच्या टूरवर लगेच प्रवेश मिळतो. त्या नियमाने तो आशियाई टूरवर आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये गुरुग्राम येथील पॅनासॉनिक ओपन इंडिया जिंकला. नेहमीच्या ७२ ऐवजी ५४ होलांवर आलेल्या या स्पर्धेत २०३ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा (होलांसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) १३ कमी, त्याने खेळ संपविला. शिव कपूर व एस. चिक्करंगप्पा हे भारतीय खेळाडू एका फटक्याने मागे राहिले.

वयाचे विक्रम : गुरुग्रामच्या विजयावेळी किमचे वय १७ वर्षे १४९ दिवस होते. वृत्तांतून त्याला कधी ‘सर्वांत तरुण’, कधी ‘दुसरा सर्वांत तरुण’ विजेता म्हटले जाते. हा घोळ मुख्यतः हौशी आणि व्यावसायिक हा भेद न पाळल्याने होतो. थायलंडच्या चिन्नारात फादुंगसिलने २००५ मध्ये १७ वर्षे ५ दिवसांचा असताना आशियाई टूरवरील स्पर्धा जिंकली होती, पण तेव्हा तो हौशी होता. व्यावसायिकांपुरते पाहिले तर कोरियाचाच नोह सुंग-युल पुढे येतो. २००८ मध्ये चीनमधील विजयाच्या दिवशी तो १७ वर्षे १४३ दिवसांचा होता. म्हणजे किमचा विक्रम सहा दिवसांनी हुकला. यामुळे ‘दुसरा सर्वांत तरुण व्यावसायिक विजेता’ हे वर्णनच ग्राह्य धरणे बरे. २०२२ मध्ये थायलंडच्या रत्चानोन चंतननुवतने हौशी असतानाच वयाच्या पंधराव्या वर्षी जिंकून सर्वसाधारण यादी पुन्हा बदलली. व्यावसायिकांच्या यादीला त्याने धक्का लागत नाही.

कोरियन परंपरेत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरले जाई आणि दर १ जानेवारीला वय एकाने वाढे. त्या हिशोबाने गुरुग्रामचा विजेता अठरा वर्षांचा ठरतो. विक्रमांसाठी जन्मतारखेवरून मोजलेले पूर्ण वयच वापरतात. सरकारी व्यवहारात हीच पद्धत जून २०२३ पासून सर्वसाधारणपणे लागू झाली.

मायदेशातही ‘व्यावसायिक’ हे विशेषण सांभाळावे लागते. जुलै २०२० मध्ये गुनसान सीसी ओपन जिंकताना तो १८ वर्षे २१ दिवसांचा होता. कोरियाच्या केपीजीए टूरवर (देशातील प्रमुख व्यावसायिक मालिकेत) इतक्या कमी वयाचा व्यावसायिक विजेता पूर्वी झाला नव्हता. आधीचा विक्रम ली सांग-हीच्या नावे होता (२०११, १९ वर्षे). मात्र १९९८ मध्ये किम दे-सुबने सतराव्या वर्षी हौशी म्हणून कोरिया ओपन जिंकलेला असल्याने ‘व्यावसायिक’ हा शब्द येथेही गाळता येत नाही.

२०२१ मध्ये एसके टेलिकॉम ओपनच्या विजेतेपदासह त्याने केपीजीए टूरची गुणतालिका आणि बक्षीसरक्कम या दोन्हींत अग्रस्थान मिळविले. करोनासाथीमुळे आशियाई टूरचा २०२० ते २०२२ हा एकच मोसम धरला गेला. जानेवारी २०२२ मध्ये सिंगापूर इंटरनॅशनल जिंकून त्याने त्या मोसमाची क्रमवारीही पटकावली.

अमेरिकेतील प्रवेश : जुलै २०२२ मध्ये स्कॉटिश ओपनमध्ये तिसरा आल्यावर त्याला पीजीए टूरचे (अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक मालिकेचे) विशेष तात्पुरते सदस्यत्व मिळाले. अशा सदस्याला जिंकल्याशिवाय मोसमाअखेरच्या फेडेक्स चषकाच्या बाद फेऱ्यांत खेळता येत नाही. नियमित मोसमाची शेवटची स्पर्धा ग्रीन्सबरो येथील विंडहॅम चॅम्पियनशिप होती. तिच्या पहिल्याच होलवर, पार चार असताना, त्याला आठ फटके लागले. तरीही ती फेरी त्याने ६७ वर आणली. पुढील फेऱ्या ६४, ६८ व ६१ अशा झाल्या. अखेरच्या दिवशी पहिले नऊ होल तो २७ फटक्यांत खेळला आणि पाच फटक्यांनी जिंकला. तेव्हा त्याचे वय २० वर्षे १ महिना १७ दिवस होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पीजीए टूर विजेत्यांत त्याच्याहून तरुण फक्त जॉर्डन स्पीथ (२०१३) होता. ‘महायुद्धानंतरच्या’ ही मर्यादा महत्त्वाची, कारण त्यापूर्वी विशीच्या आतले विजेते होऊन गेले आहेत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगास येथील श्रायनर्स स्पर्धा त्याने ७२ होलांत एकही बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) न करता जिंकली. एकविसाव्या वाढदिवसाआधी पीजीए टूरवर दोन विजय ही कामगिरी १९९६ मधील टायगर वुड्सनंतर प्रथमच झाली. २०२३ मध्ये त्याने हे विजेतेपद राखले. त्याच वर्षी रॉयल लिव्हरपूल मैदानावरील ब्रिटिश ओपनमध्ये घोट्याच्या दुखापतीसह खेळून तो संयुक्त दुसरा आला.

दक्षिण कोरियात पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. ऑलिंपिक पदक किंवा आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदक मिळविणाऱ्यांना तीतून सवलत मिळते. हांगझो येथील सांघिक सुवर्णामुळे (२०२३) इम सुंग-जे व किम सी-वू यांना ती मिळाली. टॉम किम त्या संघात नव्हता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) तो आठवा आला.