छंद की व्यवसाय? बालकलाकार नावाच्या गुंत्याची पार्श्वभूमी

23 सप्टेंबर 2025 ला दिल्लीत राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार या वेळी पाच मुलांमध्ये विभागून होता, आणि पाचांतली चार मुलं मराठी चित्रपटांतली होती. साडी नेसून मंचावर गेलेल्या चिमुकलीचा व्हिडिओ घरोघरी पाहिला गेला. हे कौतुक त्या मुलांनी कमावलेलं आहे, त्यात वाद नाही. पण अशा प्रत्येक कौतुकानंतर नाशिक, कोल्हापूर, डोंबिवलीची आणखी काही मुलं अंधेरी-वर्सोव्याच्या ऑडिशनला येऊन बसतात, आणि सोबत आलेल्या आईला कायदा तिच्या मुलाकडे कसा पाहतो हे क्वचितच कोणी सांगतं. कायद्याच्या लेखी ते मूल कामगार नाही, 'कलाकार' आहे. कलाकार म्हणजे कोण हे 2016 साली ज्या शब्दांत ठरलं, त्या शब्दांत सगळा गुंता आहे.

मूल रंगभूमीवर येणं आपल्याकडे नवं नाही. संगीत नाटकांच्या काळात कंपन्यांना गोड गळ्याची पोरं लागत, कारण बायकांची कामं पुरुषच करत. मुलगा कंपनीत गेला की त्याच्या जेवणाची, कपड्याची आणि गाण्याच्या तालमीची सोय व्हायची. गरिबाघरी ही मोठीच गोष्ट होती. कोल्हापूरकडचा एक पोरगा असाच आईसोबत कंपनीच्या बिऱ्हाडी आला आणि 'शारदा' नाटकातल्या नायिकेच्या भूमिकेने गाजला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख गाणारा तो गळा स्वतःच एका लेकराचा होता. अठरा वर्षांचा होतो न होतो तोच, 1908 मध्ये, त्याने स्वतःची कंपनी काढली. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. आवाज फुटला की नायिकेची कामं संपायची, आणि मग कोणी दाढीमिशांच्या भूमिकांत जायचा, कोणी पडद्यामागे, कोणी गावाकडे.

सिनेमाची सुरुवातही मुलाशिवाय झालेली नाही. 1913 च्या पहिल्या भारतीय कथापटात हरिश्चंद्राच्या मुलाचं, रोहिदासाचं काम निर्मात्याच्या मुलानेच केलं. चित्रीकरण चालू असताना तो पडला, डोकं दगडावर आपटलं, आणि तो बेशुद्ध असतानाच रोहिदासाच्या मृत्यूचं दृश्य टिपून घेतलं गेलं, अशी हकीकत सांगितली जाते. ती नेहमी ध्येयवेडाची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं. बाप हाच मालक असला, की मुलाच्या बाजूने 'आता थांबा' म्हणणारं कोणी उरत नाही. हा मुद्दा शंभर वर्षांनी कायद्यात परत येणार आहे.

बोलपटांच्या काळात 'बेबी' आणि 'मास्टर' ही बिरुदं रूढ झाली. 1939 मध्ये वयाच्या सहाव्या वर्षी मुंबईत कॅमेऱ्यासमोर आलेली एक बेबी पुढे हिंदी पडद्यावरच्या शोकांतिकांची राणी झाली. लहानपणी घर तिच्या कमाईवर चालत होतं. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने बालनटाच्या कमाईचा एक भाग त्याच्या नावाने बाजूला ठेवण्याचा कायदा केला, कारण एका गाजलेल्या बालनटाला मोठं झाल्यावर कळलं होतं की आपले पैसे आई आणि सावत्र वडिलांनी खर्चून टाकले आहेत. आपल्याकडे तशी तरतूद व्हायला आणखी 78 वर्षं लागली.

मधल्या काळात गौरव मात्र वाढत गेला. 1968 च्या चित्रपटांपासून बालकलाकाराला वेगळा राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागला. 1988 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांवर एक चित्रपट आला आणि जगभर गाजला. त्यातल्या मुख्य मुलाला हाच पुरस्कार मिळाला. पुढे तो बेंगळुरूत रिक्षा चालवून पोट भरत होता. रिक्षा चालवण्यात काही कमीपणा नाही. पण बाराव्या वर्षाच्या आसपास टाळ्या ऐकलेल्या मुलाला पुढचा रस्ता कोणी दाखवायचा, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. 1981 चा सिनेकामगार कायदा कथापटांपुरता होता, आणि तोही महिना 1,600 रुपये किंवा एकरकमी 15,000 रुपयांपर्यंत मिळकत असणाऱ्यांसाठी. 1986 च्या बालकामगार कायद्याने बंदी घातलेल्या कामांच्या यादीत अभिनय नव्हताच.

खरा बदल दूरचित्रवाणीने झाला. 1999 आणि 2000 मध्ये खाजगी मराठी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका सुरू झाल्या, आणि मुलाचं काम सुटीतल्या पंधरा दिवसांचं न राहता महिन्यातल्या पंचवीस दिवसांचं झालं. मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, म्हणजे एपिसोडची बँक, संपत आली की पॅक-अप लांबतो. मानधन बहुतेकदा नव्वद दिवसांनी. आणि 'लीप' नावाची एक गोष्ट असते: मालिकेची कथा एका रात्रीत काही वर्षं पुढे जाते आणि ज्या मुलीला अख्खा महाराष्ट्र लाडक्या नावाने ओळखतो, तिची जागा दुसऱ्या दिवशी मोठी नटी घेते. नाटक कंपनीत आवाज फुटायला निदान निसर्ग लागत होता. इथे टीआरपी पुरतो.

मग आले रिॲलिटी शो. 2008 मध्ये कोलकात्यात एका नृत्यस्पर्धेतली 16 वर्षांची मुलगी एकाएकी बोलेनाशी झाली, तिला हालचालही करता येईना. परीक्षकांनी केलेल्या कठोर टीकेचा धक्का बसल्याचं घरच्यांचं म्हणणं होतं. वैद्यकीय कारण काहीही असो, त्या घटनेने देश हलला. बालहक्कांसाठीच्या राष्ट्रीय यंत्रणेने पुढच्या दोन-तीन वर्षांत मालिका, रिॲलिटी शो आणि जाहिरातींतल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. सूचना चांगल्या होत्या, पण त्या सूचनाच होत्या. कोणी पाळल्या नाहीत तर शिक्षा कसली, याला उत्तर नव्हतं.

आता येतो तो निर्णय. डिसेंबर 2012 मध्ये बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक संसदेत मांडलं गेलं. त्याचा गाभा सरळ होता: चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत करण्याचा अपवाद सोडून. मे 2015 मध्ये सरकारने त्यात सुधारणा मंजूर केल्या. कुटुंबाच्या मदतीचा अपवाद कौटुंबिक उद्योगापर्यंत रुंदावला आणि त्याच्या शेजारी दुसरा अपवाद आला, कलाकाराचा. जाहिराती, चित्रपट, मालिका आणि अशीच इतर करमणूक किंवा खेळ यांत मूल काम करू शकेल, फक्त शिक्षणावर परिणाम होता कामा नये, आणि सर्कस मात्र नाही. सर्कस वगळण्यामागे इतिहास होता: 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना राबवण्यावर बंदी आणली होती. जुलै 2016 मध्ये दोन्ही सभागृहांनी हे मंजूर केलं आणि 1 सप्टेंबर 2016 पासून कायदा लागू झाला.

वाद मुख्यतः पहिल्या अपवादावर झाला, विडी वळणाऱ्या आणि जरीकाम करणाऱ्या घरांवर. तो योग्यच होता. पण त्या गदारोळात दुसऱ्या अपवादाची व्याख्या फारशी कोणी वाचली नाही. कायदा म्हणतो, कलाकार म्हणजे नट, गायक, खेळाडू म्हणून एखादं काम 'छंद किंवा व्यवसाय म्हणून' करणारं मूल. छंद किंवा व्यवसाय! या दोन शब्दांमध्ये जो 'किंवा' आहे, त्यात सहा वर्षांच्या मुलाचा अख्खा दिवस मावतो. छंद असेल तर मूल कंटाळलं की थांबतं, घरी जातं, रुसतं. व्यवसाय असेल तर सेटवर हजर व्हायचा कॉल टाइम असतो, सेटचं भाडं चढत असतं, चाळीस माणसं खोळंबलेली असतात. कायद्याने दोन्ही एका दमात म्हटलं आणि त्यामुळे गरजेप्रमाणे कुठलाही शब्द पुढे करता येतो. पैशांची घासाघीस करताना व्यवसाय, तासांचा हिशोब विचारला की छंद. 'तिलाच आवडतं हो, आम्ही कुठे जबरदस्ती करतो' हे वाक्य सेटवर सारखं ऐकू येतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण आवडतं म्हणून बारा तास झेपतं असं नाही.

2 जून 2017 च्या नियमांनी ही सूट बांधून घालायचा प्रयत्न केला, आणि तो प्रामाणिक होता असं मला वाटतं. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी. पालकांची संमती, मुलाची स्वतःची तयारी. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. पौष्टिक खाणं, स्वच्छ राहण्याची जागा, शाळेचे धडे बुडू नयेत अशी व्यवस्था. कार्यक्रम दाखवताना, मुलाला त्रास होणार नाही याची काळजी घेतली होती अशी सूचना. ती पट्टी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, वाचलेली फार थोड्यांनी.

यातली दोन कलमं मला अस्वस्थ करतात. एक, सलग 27 दिवसांहून जास्त काम नको. म्हणजे 27 दिवस सलग चालेल. कारखान्यातल्या प्रौढ माणसाला आठवड्याची सुटी हक्काने मिळते, आणि इथे दुसरीतल्या मुलाला जवळजवळ महिनाभर एकही रविवार नाही मिळाला तरी नियम मोडत नाही. रोजच्या मालिकेचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा आला असावा, मुलाचं वय ठेवून नव्हे.

दुसरं कलम कलाकार कोण नाही ते सांगतं. मालिका, चित्रपट, प्रश्नमंजूषा, गुणदर्शन म्हणजे टॅलेंट शो, सूत्रसंचालन हे सगळं कलेत बसतं. पैशासाठी रस्त्यावर केलेला खेळ बसत नाही. म्हणजे ढोलकीच्या तालावर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी कलाकार नाही, आणि तीच मुलगी एखाद्या गुणदर्शनाच्या मंचावर, दिव्यांच्या झोतात, तोच खेळ करेल तर कलाकार. मुलीची कसरत तीच, धोका तोच, पोटाचं कारणही तेच. बदलला तो फक्त प्रायोजक. रस्त्यावरचं शोषण थांबावं हा हेतू मला मान्य आहे, पण मग हेच डोळे स्टुडिओच्या दारात का मिटतात?

परवानगीचं कलमही कागदावर जितकं सरळ, तितकं जमिनीवर नाही. गोरेगावची चित्रनगरी मुंबई उपनगर जिल्ह्यात, घोडबंदर ठाण्यात, नायगाव पालघरमध्ये, वाई-मेणवली साताऱ्यात. सेट हलला की दंडाधिकारी बदलले.

आणि ही सगळी राखण चौदा वर्षांच्या आतल्यांना. चौदा ओलांडलं की कायद्यात मूल 'किशोरवयीन' होतं आणि कलाकारांसाठीच्या या नियमांतून बाहेर पडतं. 2016 मध्ये ज्या मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा गाठला, त्याची नायिका तेव्हा शाळेत होती. तिला गर्दीने इतकं घेरलं की नेहमीसारखं वर्गात जाऊन बसणं अशक्य झालं आणि दहावीची परीक्षा 17 नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून द्यावी लागली. ती हुशार, खंबीर मुलगी, निभावून नेलं तिने. पण सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे शाळा सुटलेल्यांसाठी असतो, हे विसरायला नको. प्रसिद्धी मिळालेल्या मुलीची शाळा प्रसिद्धीनेच सोडवली.

आताचा प्रश्न तर स्टुडिओतही नाही, घरात आहे. आईने चालवलेलं खातं, त्यावर रोज एक रील, हळूहळू जाहिरातदार. हे 'माध्यमातलं काम' म्हणायचं तर परवानगी, पाच तास, सगळं लागू व्हायला हवं. 'कौटुंबिक उद्योगात मदत' म्हणायची तर पहिला अपवाद तयारच आहे. 2016 चे दोन्ही अपवाद इथे एकमेकांना येऊन मिळतात, आणि 1913 सारखाच इथेही पालक हाच निर्माता. 2022 मध्ये बालहक्कांच्या त्याच राष्ट्रीय यंत्रणेच्या नव्या मार्गदर्शक मसुद्याने ओटीटी आणि समाजमाध्यमांची दखल घेतली, तीन महिन्यांखालच्या तान्ह्या बाळांना कॅमेऱ्यापुढे आणण्यावर बंधनं सुचवली. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांत नट 'दृक्श्राव्य कामगार' या व्याख्येत आला. बालकलाकाराची व्याख्या मात्र जुन्याच कायद्यात, छंद आणि व्यवसाय यांच्यामध्ये उभी आहे.

2017 च्या नियमांत आणखी एक कलम आहे. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत, मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवेत, आणि ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळावेत. ज्या मुलांनी तेव्हा वयाच्या दहाव्या वर्षी मालिकेत काम केलं, ती 2025 मध्ये अठरा वर्षांची झाली. आपल्या नावाची पावती आहे का, हे घरी विचारू शकणाऱ्या पहिल्या काही मुलांतली ही मुलं.