जलद पिळाची ठासणीची रायफल : गोळी आणि बार

नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून ती गजाने ठासायची, आणि नळीला आतून मळसूत्री आटे पाडलेले असायचे, अशी बंदूक म्हणजे ठासणीची रायफल. आटे जेवढ्या लांबीत एक पूर्ण फेरा घेतात, त्यावरून पीळ मोजतात. ७८ इंचांत एक फेरा हा सावकाश पीळ, २० इंचांत एक फेरा हा जलद. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक सहसा गुळगुळीत नळीची असते. तिथे पिळाचा प्रश्नच येत नाही. रायफलीत मात्र गोळी कोणती हे आधी पीळ ठरवतो आणि दारूचे माप त्यानंतर येते. नवखा नेमबाज बहुधा उलट जातो, दारूच कमीजास्त करत बसतो आणि चुकीच्या गोळीपायी दिवस घालवतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मँचेस्टरचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांची रायफल. ब्रिटिश फौजेची १८५३ची एन्फील्ड (१८५७च्या उठावातील काडतुसे हिचीच) ०.५७७ इंच नळीची होती, पीळ ७८ इंचांत एक, गोळी ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. व्हिटवर्थ यांनी गोळीचे वजन तेच ठेवले, पण नळी ०.४५१ इंचांवर आणली. तेवढेच शिसे अरुंद नळीत बसवायचे तर गोळी लांबट होणार, आणि लांबट गोळी हवेत कोलमडू नये म्हणून तिला जोरात फिरवणे भाग. त्यासाठी २० इंचांचा पीळ आणि षट्कोनी नळी. १८५७च्या चाचण्यांत ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट भरले, व्हिटवर्थचे ०.३७ फूट. दारू दोन्हींत जवळपास सारखीच होती, ७० ग्रेनच्या आसपास. फरक पडला तो गोळीच्या आकाराने आणि पिळाने.

हा संबंध ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९मध्ये सूत्रात बसवला. गोळीची लांबी व्यासाच्या किती पट आहे ते काढून १५०ला त्याने भागायचे. उत्तर येते ते पिळाची लांबी, व्यासाच्या पटीत. ०.४५ इंचाची गोळी तिप्पट लांब असेल, तर ५० व्यास, म्हणजे साडेबावीस इंच. व्हिटवर्थचा पीळ याहून थोडा जलदच आहे. गोल गोळीची लांबी आणि व्यास एकच, म्हणून तिला १५० व्यास, साडेसदुसष्ट इंच पुरतात. जलद पिळात कापडी चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी भरपूर दारूने मारली, तर ती आट्यांची पकड सोडून घसरत जाते. अगदी हलका बार भरला तरच ती सरळ जाते. हल्लीच्या ०.५० इंच, २८ इंच पिळाच्या शिकारी रायफलींनाही म्हणूनच लांबट शिशाची किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टनातली गोळी मानवते.

लांबट गोळीसाठी शिसे मऊ हवे. दारूचा धक्का बसताच जड गोळी बुडाशी किंचित चेपून फुगते आणि आटे धरते. कथील जास्त घातले तर फुगणे कमी होते. व्हिटवर्थसाठी षट्कोनी गोळ्याही होत्या, पण साध्या नळकांडी गोळ्याही फुगून कोपरे भरत. दारूवर मेण आणि चरबी लावलेली चकती ठेवली की काजळी मऊ राहते. काळ्या दारूची काजळी हे अरुंद नळीचे खरे दुखणे: काही बारांनंतर गोळी गजाखाली अडू लागते, म्हणून नेमबाज दर बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसतो. ब्रिटिश फौजेने व्हिटवर्थची रायफल नाकारली त्यामागे काजळी होती, आणि एन्फील्डच्या सुमारे चौपट किंमतही.

बार ठरवताना हलक्या मापापासून सुरुवात करून थोडी थोडी दारू वाढवतात आणि छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील तिथे थांबतात. धूरविरहित दारू काळ्या दारूच्या बंदुकीत कधीही भरायची नाही, नळी फुटते. गोळी दारूला टेकलेलीच हवी, मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथे फुगते. त्यासाठी गज पूर्ण बसल्यावर नळीच्या तोंडापाशी त्यावर रेघ ओरखडून ठेवतात. पुढच्या बाराला ती रेघ तोंडाच्या वर दिसली, तर गोळी तळाला पोचलेली नाही.